जुना लिनिअर जोडला की रिसीव्ह मंदावतो: दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची पद्धत

वापरलेला एचएफ लिनिअर, म्हणजे शॉर्टवेव्ह बँडवर रेडिओची ट्रान्समिट पॉवर वाढवणारा अँप्लिफायर, विकत घेतलेल्या हॅमची (हौशी रेडिओ-चालकाची) एक तक्रार हमखास असते. ट्रान्समिट उत्तम, मीटरवर पूर्ण पॉवर, समोरच्या स्टेशनकडून चांगला रिपोर्ट. पण आपल्याला ऐकू मात्र कमी येतं. बँडचा आवाजच बसलेला वाटतो. अँप्लिफायर मधून काढून अँटेना थेट रिगला (मूळ रेडिओ संचाला) जोडली की सगळी स्टेशनं परत येतात. अशा वेळी पहिला संशय ट्यूबवर जातो, आणि महागड्या ट्यूबची चौकशी सुरू होते. ती आधी थांबवा. रिसीव्हचा सिग्नल ट्यूबमधून जातच नाही. दोष बहुतेक वेळा रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, एका छोट्या कॉन्टॅक्टमध्ये असतो आणि तो कागदाच्या पट्टीने दुरुस्त होऊ शकतो.

उदाहरणासाठी मी हीथकिटचा एसबी-२२० घेतो. दोन ३-५००झेड ट्यूबचा हा अमेरिकन लिनिअर १९७०च्या दशकात किटच्या रूपात विकला गेला आणि आजही जुन्या बाजारात फिरतो आहे. किट असल्यामुळे प्रत्येक एसबी-२२० वेगळ्या हाताने जोडलेला आहे. एकाचं सोल्डरिंग आरशासारखं, दुसऱ्याचं कोरडं. अमेरिट्रॉन, केनवुड टीएल-९२२, येसू एफएल-२१००बी, ड्रेक एल-४बी यांच्यातही रिसीव्हचा मार्ग तत्त्वतः असाच आहे, त्यामुळे पद्धत तीच चालते. फक्त मॅन्युअलमधली सर्किटची आकृती समोर ठेवा.

सिग्नल जातो कुठून

स्टँडबायमध्ये किंवा बंद अवस्थेत अँटेनाकडून आलेला सिग्नल आउटपुट जॅकवरून रिलेच्या हलत्या पातीवर येतो. तिथून तो विश्रांतीच्या कॉन्टॅक्टवर जातो, म्हणजे कॉइलला वीज नसताना जुळलेला असतो त्यावर. पुढे कोअॅक्सच्या (मधली तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलच्या) छोट्या तुकड्यातून इनपुटकडच्या विश्रांतीच्या कॉन्टॅक्टवर, तिथल्या पातीवर, इनपुट जॅकवर आणि रिगमध्ये. ट्यूबला वळसा घालणारा हा मार्ग म्हणजे बायपास. एसबी-२२० मध्ये या दोन्ही बाजू एकाच तीन-पोल रिलेवर आहेत. तिसरा पोल ट्यूबचा बायस, म्हणजे तिचा विश्रांतीतला करंट ठरवणारा व्होल्टेज, बदलतो.

की दाबली की पात्या दुसऱ्या बाजूला जातात. इनपुट ट्यूबच्या कॅथोडकडे, आउटपुट पाय-नेटवर्ककडे (ट्यूबला अँटेनाशी जुळवणाऱ्या सर्किटकडे). म्हणजे ट्रान्समिटचे कॉन्टॅक्ट वेगळे आणि रिसीव्हचे वेगळे. ट्रान्समिट ठणठणीत असणं हा रिसीव्हचा मार्ग ठीक असल्याचा पुरावा अजिबात नाही.

आता विश्रांतीच्या कॉन्टॅक्टची अवस्था पाहा. चांदीच्या पृष्ठभागावर हवेतल्या गंधकामुळे काळा थर चढतो, त्यात धूळ आणि धुराचा पातळ पापुद्रा. एचएफवर एस-९, रिगच्या एस-मीटरवरचा जोरदार सिग्नल, म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट, म्हणजे एका वॉटचे वीस अब्ज भाग करून त्यातला एक. हा थर भेदण्याची ताकद त्यात नसते. उलट १०० वॉटचा रेडिओ-फ्रीक्वेन्सी व्होल्टेज ५० ओहमवर शिखराला १०० व्होल्ट असतो. तो थर क्षणात फोडतो. म्हणून लिनिअर स्टँडबायला ठेवून नुसत्या रिगने, हॅमच्या भाषेत बेअरफूट, बोलणाऱ्याचे विश्रांतीचे कॉन्टॅक्ट आपोआप साफ होत राहतात. लिनिअर नेहमी ऑपरेटवरच ठेवणाऱ्याच्या त्याच कॉन्टॅक्टमधून वर्षानुवर्षं मायक्रोव्होल्टशिवाय काहीच गेलेलं नसतं. कपाटात किंवा गॅरेजमध्ये पडून राहिलेल्या, सायलेंट की झालेल्या, म्हणजे निधन पावलेल्या, हॅमच्या घरून आलेल्या अँप्लिफायरची गोष्ट तर विचारायलाच नको. मुंबई, कोकणपट्टी आणि गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

झाकण न उघडता करायच्या चाचण्या

आधी रिग तपासा. अॅटेन्युएटर चुकून चालू राहिला आहे का, वेगळ्या रिसीव्ह अँटेनाचं बटण दाबलं गेलं आहे का? क्षुल्लक वाटतं, पण ही दोन बटणं पाहायला अर्धा मिनिट लागतो.

मग तुलना. लिनिअरच्या इनपुट आणि आउटपुटला लागलेल्या दोन्ही केबल काढा आणि बॅरलने (दोन प्लग जोडणाऱ्या छोट्या कनेक्टरने) एकमेकींना जोडा. केबल त्याच ठेवायच्या. नवी केबल घेतली तर दोष केबलचा की लिनिअरचा हे कळणार नाही. एखादा स्थिर सिग्नल निवडा. भारतात चीनच्या बीपीएम या वेळ-केंद्राचा सिग्नल ५, १० किंवा १५ मेगाहर्ट्झवर दिवसाच्या कुठल्या ना कुठल्या वेळी चांगला मिळतो. फेडिंगमुळे सुई हलते, म्हणून बॅरल, लिनिअर, बॅरल, लिनिअर असं आलटून पालटून पाहा. घरात क्रिस्टल ऑसिलेटर किंवा सिग्नल जनरेटर असेल तर सर्वांत उत्तम.

एस-मीटरच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नका. प्रमाणानुसार एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी, पण कित्येक रिगचे मीटर खालच्या भागात एका युनिटला तीन-चार डीबीच दाखवतात. त्याऐवजी रिगचा अॅटेन्युएटर वापरा. प्रीअँप बंद, आरएफ गेन पूर्ण. बॅरलमधून ऐकताना १० किंवा २० डीबीचा अॅटेन्युएटर लावल्यावर लिनिअरमधून येतो तेवढाच सिग्नल दिसला, तर तुमचं नुकसान तेवढं आहे. अर्धा डीबी कमी असेल तर ते नेहमीचंच, त्यामागे लागू नका. तीन डीबीपेक्षा जास्त असेल तर दोष आहे.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ४० किंवा ८० मीटरवर बाहेरून येणारा बँडचा आवाजच (खरखर) इतका मोठा असतो की १० डीबी गेले तरी सिग्नल आणि आवाज दोन्ही सारखेच खाली येतात आणि ऐकणं जवळपास तसंच राहतं. एफटी-८ या संगणकावरच्या डिजिटल पद्धतीतले सिग्नलचे आकडेही फारसे हलत नाहीत. म्हणून दोष महिनोनमहिने लपून राहतो. १५ किंवा १० मीटरवर, जिथे बँड शांत असतो, तिथे तो जाणवतो.

पुढची चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि ती फारसं कोणी करत नाही: वेगवेगळ्या बँडवर नुकसान किती होतं ते लिहून काढा. पूर्ण उघडा पडलेला कॉन्टॅक्ट किंवा तुटलेला जोड रेडिओ-फ्रीक्वेन्सीला छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. समजा दोन टोकांत २ पिकोफॅरड आहेत. ३.५ मेगाहर्ट्झवर ते सुमारे २३ हजार ओहम होतात आणि ५० ओहमच्या मार्गात सुमारे ४७ डीबी खातात. २८ मेगाहर्ट्झवर तेच सुमारे २,८०० ओहम, नुकसान २९ डीबी. म्हणजे ८० मीटर मेलेला आणि १० मीटर थोडाफार जिवंत असेल, तर मार्ग कुठेतरी खरोखर तुटला आहे. सगळ्या बँडवर साधारण सारखंच नुकसान आणि तेही चंचल, कधी आहे कधी नाही, तर कॉन्टॅक्टवरचा थर किंवा ढिला जोड. आणि खालच्या बँडवर सगळं ठीक पण १० मीटरवर नुकसान, तर कोअॅक्सची जाळी एका टोकाला सुटलेली असू शकते किंवा आधीच्या मालकाने बायपासला साधी लांब वायर वापरलेली असते.

आता मागचा की-लाइनचा, म्हणजे रिग ज्या तारेने लिनिअरला ट्रान्समिटमध्ये नेते तिचा, प्लग काढा. रिसीव्ह लगेच परत आला तर लिनिअर निर्दोष आहे. रिग त्याला सतत ट्रान्समिटमध्ये धरून बसली आहे. हे एसबी-२२० बाबत अशक्य नाही. त्याच्या की-लाइनवर शंभर व्होल्टच्या वर डीसी असतो, कारण रिलेची कॉइलच त्या व्होल्टेजची आहे. आधुनिक रिगचा आतला छोटा रिले किंवा ट्रान्झिस्टर यासाठी बनलेला नाही. तो चिकटतो किंवा जळतो. मूळ एसबी-२२० नव्या रिगला थेट जोडू नये, मध्ये कीइंग इंटरफेस हवाच. आणि हा फोनो प्लग चालू लिनिअरमधून बोटांनी चाचपू नका.

स्टँडबायमध्ये असताना लिनिअरचा बँडस्विच आणि ट्यून-लोडची बटणं फिरवून पाहा. रिसीव्हवर काहीही परिणाम व्हायला नको, कारण सिग्नल त्या भागात जातच नाही. ट्यून फिरवल्यावर सिग्नल वरखाली होत असेल तर रिलेची पाती ट्रान्समिटच्या बाजूला अडकली आहे, कॉन्टॅक्ट वितळून चिकटले आहेत किंवा परत खेचणारी स्प्रिंग थकली आहे.

शेवटची बाहेरची चाचणी. लिनिअर बंद, आउटपुटला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर), रिगची पॉवर ५ ते १० वॉट. क्षणभर कॅरिअर (नुसता स्थिर सिग्नल) द्या आणि रिगचा एसडब्ल्यूआर, म्हणजे किती पॉवर परत फिरते ते दाखवणारा आकडा, पाहा. तो जास्त असेल तर ताबडतोब थांबा; मार्ग खरोखर तुटला आहे किंवा शॉर्ट आहे. एसडब्ल्यूआर ठीक असेल तर आणखी दोन-तीन सेकंद कॅरिअर ठेवा, मग अँटेना जोडून ऐका. सिग्नल एकदम उसळून वर आले आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तर कॉन्टॅक्टवरच्या थराबद्दल शंका उरत नाही. काहीजण हाच उपाय समजून रोज एक झटका देत राहतात. पण थर तिथेच राहतो आणि तो दिवसेंदिवस वाढतो. कॉन्टॅक्ट साफ करावाच लागतो.

उघडण्याआधी

हा भाग घाईत वाचू नका. एसबी-२२० च्या आत एसएसबीच्या स्थितीत सुमारे ३,००० व्होल्ट असतात. मूळ रचनेत २०० मायक्रोफॅरडचे आठ कपॅसिटर एकापाठोपाठ जोडलेले आहेत, एकत्रित २५ मायक्रोफॅरड. ३,००० व्होल्टला त्यात शंभर ज्यूलहून जास्त ऊर्जा साठते. माणूस मरायला ती पुरेशी आहे. प्रत्येक कपॅसिटरवर ३० हजार ओहमचा रेझिस्टर असतो आणि सगळं नीट असेल तर अर्ध्या मिनिटात चार्ज उतरतो. पण पन्नास वर्षं तापलेला रेझिस्टर कधी उघडा पडेल हे सांगता येत नाही, आणि तसं झालं तर त्या कपॅसिटरमध्ये चार्ज तसाच बसून राहतो.

म्हणून क्रम असा ठेवा. स्विच बंद करा. प्लग भिंतीतून काढून तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा. अँटेना आणि की-लाइन काढा. पुढच्या पॅनेलवरचा हाय व्होल्टेजचा मीटर शून्यावर जाईपर्यंत थांबा, त्यावर निदान पाच मिनिटं आणखी. झाकण काढताना आतला सुरक्षा-स्विच हाय व्होल्टेज चॅसिसला शॉर्ट करतो. तो असला तरी त्याच्यावर जीव टाकू नका, आधीच्या मालकाने तो वाकवून ठेवलेला असू शकतो. कोरड्या प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या हातभर दांड्याला जाड वायर लावून डिस्चार्ज-काठी बनवा. वायरचं एक टोक आधी चॅसिसला घट्ट चिमट्याने लावायचं, मग काठी प्लेटच्या टोपीला, नंतर प्रत्येक कपॅसिटरच्या जोडावर. हे करताना दुसरा हात खिशात. त्यानंतरच मल्टिमीटरने प्रत्येक कपॅसिटरवर शून्य आहे ना ते पाहा. साधा मल्टिमीटर १,००० व्होल्टपर्यंतचाच असतो, तो चार्ज असलेल्या हाय व्होल्टेजला कधीही लावू नका. काम होईपर्यंत काठी प्लेटलाच अडकवून ठेवा. घरात दुसरं कोणी जागं असताना हे काम करा.

लिनिअर उलटा करायचा असेल तर ट्यूब थंड झाल्यावर आधी काढून सुरक्षित ठेवा.

मल्टिमीटर कसा चालवायचा

ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवा आणि जो आकडा येईल, बहुधा ०.२ ते ०.३ ओहम, तो वजा धरा. मग इनपुट जॅकच्या मधल्या पिनपासून आउटपुट जॅकच्या मधल्या पिनपर्यंत मोजा. अँटेना काढलेली असायलाच हवी, कारण कित्येक अँटेना डीसीला ग्राउंड असतात. येणारा आकडा शून्याच्या जवळ आणि स्थिर हवा. मीटर धरलेला असतानाच दुसऱ्या कोणाला रिलेची पाती कोरड्या लाकडी काडीने हलकेच दाबून सोडायला सांगा. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर दोषी मिळाला.

आकडा मोठा किंवा उघडा असेल तर मार्ग अर्धा करा. जॅकच्या पिनपासून पातीपर्यंत, पातीपासून विश्रांतीच्या कॉन्टॅक्टपर्यंत, त्या कॉन्टॅक्टपासून बायपास कोअॅक्सच्या दुसऱ्या टोकापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन-तीन मापांत जागा कळते. मधली पिन आणि चॅसिस यांमध्येही मोजा. तिथे काही ओहम दिसले तर लगेच शॉर्ट म्हणू नका. काही लिनिअरमध्ये अँटेनाच्या बाजूला सुरक्षा-चोक असतो आणि तो डीसीला ग्राउंडच दिसतो. आकृती पाहूनच ठरवा.

मात्र मल्टिमीटर चांगलं म्हणाला म्हणून समाधान मानू नका. ओहमच्या रेंजवर मीटर एक ते तीन व्होल्ट लावतो आणि पातळ थर त्यानेच फुटू शकतो. मोजल्यावर रिसीव्ह सुधारला आणि तुम्हाला कारणच कळलं नाही, असं यातूनच होतं. इथे नॅनोव्हीएनए, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर मार्गातलं नुकसान मोजणारं छोटं यंत्र, फार कामाचा. त्याचा एक पोर्ट इनपुटला, दुसरा आउटपुटला, मध्ये २० डीबीचा अॅटेन्युएटर, आणि १ ते ३० मेगाहर्ट्झचा आलेख काढा. अॅटेन्युएटर धरून आधी कॅलिब्रेशन करायचं. निरोगी बायपास ३० मेगाहर्ट्झपर्यंत अर्ध्या डीबीच्या आत राहतो. आलेख खालच्या बाजूला जास्त पडत असेल तर तीच उघड्या जोडाची खूण, जी तुम्ही बँडवर कानाने पकडली होती. हे करताना लिनिअरचा प्लग भिंतीत नसावा आणि रिग जोडलेली नसावी.

बायपासला वीज लागत नाही, म्हणजे प्लग काढलेल्या, चार्ज उतरवलेल्या, उघड्या लिनिअरमधूनही तुम्ही बँड ऐकू शकता. चंचल दोषासाठी यासारखी सोय नाही. रिगचा मायक्रोफोन आणि की काढून ठेवा, पॉवर शून्यावर आणा, अँटेना जोडा, सिग्नल लावा आणि कोरड्या लाकडी काडीने एकेक जोड हलवत जा. जॅकची पिन, कोअॅक्सची टोकं, रिलेच्या पातीला जोडलेली लवचिक वायर. जिथे काडी लागताच सिग्नल उडी मारतो, तिथे दोष.

कॉन्टॅक्ट साफ करणे

लागतात तीन गोष्टी: आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि चकचकीत लेप नसलेला जाडसर कागद. साधं व्हिजिटिंग कार्ड किंवा बाँड पेपर चालतो. पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा.

पाती बोटाने दाबून कॉन्टॅक्ट उघडा, अल्कोहोलने ओली केलेली पट्टी मध्ये सरकवा आणि पाती सोडून द्या. विश्रांतीच्या कॉन्टॅक्टला स्प्रिंगच दाब देते, तुम्हाला वरून जोर द्यायची गरज नाही. पट्टी हळूच ओढा. कागदावर काळी रेघ दिसेल. नवी पट्टी घ्या, रेघ उमटणं थांबेपर्यंत हेच. मग क्लीनरचा एक थेंब लावलेली पट्टी, शेवटी कोरडी. पट्टीचं टोक बाहेर येताना पाती किंचित उघडा, नाहीतर कागदाचा तंतू मध्ये अडकतो आणि दोष पुन्हा उभा राहतो. रिसीव्हच्या दोन्ही पोलांना हे करा, आणि हात घातलाच आहे तर ट्रान्समिटच्या कॉन्टॅक्टनाही. त्या बाजूला मात्र पाती हलक्या हाताने दाबून धरावी लागेल.

पॉलिश पेपर आणि कानस दूर ठेवा. चांदीचा मुलामा पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं किंवा पितळ उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात परिस्थिती आधीपेक्षा वाईट होते. खड्डे पडलेल्या कॉन्टॅक्टसाठी बर्निशिंगची खास बारीक पट्टी मिळते, तीही दोन-चार हातांपुरतीच. आणि क्लीनरचा फवारा सरळ रिलेवर मारू नका. तेलकट थर आसपासच्या इन्सुलेशनवर बसतो, धूळ धरतो, आणि हाय व्होल्टेजला त्यावरून वाट मिळते. गंज सोडवण्याचे घरगुती स्प्रे तर अजिबात नकोत.

साफ करूनही भागलं नाही तर

पातीला जोडलेली लवचिक वायर पाहा. लाखो वेळा हलून तिचे तंतू आतून तुटतात, वरचं आवरण शाबूत दिसतं. ती बदलताना तितकीच मऊ वायर घ्या आणि सोल्डर वायरमध्ये फार वर चढू देऊ नका, नाहीतर ती तिथेच पुन्हा तुटेल. स्प्रिंग सैल असेल तर तिचं टोक किंचित ताणता येतं, पण पातीला पक्कडने वाकवणं शेवटचा उपाय.

एसओ-२३९ या कोअॅक्सच्या जॅकच्या मधल्या पिनची बोटं फाकलेली असणं हा दुसरा नेहमीचा गुन्हेगार. कोणीतरी सोल्डरचा गोळा राहिलेला पीएल-२५९ प्लग जोरात घुसवलेला असतो, आणि नंतर योग्य मापाची पिन आत सैल खेळते. बोटं बारीक चिमट्याने जवळ आणा, आणि जॅक काळा पडला असेल तर सरळ बदला. जॅकच्या पिनेवरचं सोल्डरिंग तापवून पुन्हा करा. किटमध्ये याच जागी कोरडा जोड सर्वांत जास्त सापडतो, कारण पिनेची उष्णता शोषण्याची क्षमता मोठी आणि त्या काळच्या हौशी हातातली सोल्डरिंग गन एखाद वेळी कमी पडलेली. बायपासच्या कोअॅक्सचं आतलं इन्सुलेशन उष्णतेने मऊ होऊन मधली तार जाळीला टेकली असेल तर तो तुकडा नवा घाला, दोन्ही टोकांना जाळी ग्राउंड करून.

रिले बदलायची वेळ आली तर कॉइलचा व्होल्टेज, पोलांची संख्या आणि कॉन्टॅक्टची क्षमता या तिन्ही जुळायला हव्यात. एसबी-२२० चा बायसचा पोल विसरून दोन पोलांचा रिले बसवला तर ट्यूबची विश्रांतीची स्थिती बिघडेल. १२ किंवा २४ व्होल्टचा रिले घालायचा असेल तर त्याचा पुरवठाही बदलावा लागतो. कॉइलवर संरक्षक डायोड लावला की रिले थोडा उशिरा सुटतो हेही लक्षात ठेवा. समोरच्याचं पहिलं अक्षर कापलं जाऊ लागलं तर कारण बहुधा तेच.

व्हॅक्यूम रिले असलेल्या लिनिअरमध्ये कॉन्टॅक्ट काचेत बंद असतात, तिथे कागदाची पट्टी पोचत नाही. दोष त्यातच सिद्ध झाला तर रिले बदलावा लागतो. एलेक्राफ्टच्या केपीए-५०० सारख्या अँप्लिफायरमध्ये रिलेऐवजी पिन डायोड सिग्नल बदलतात. तिथे रिसीव्ह मंदावला तर डायोड आणि त्यांना पुढच्या दिशेने करंट देणारा बायस तपासायचा. व्हीएचएफच्या मोबाइल अँप्लिफायरमध्ये, उदाहरणार्थ मिराजच्या बी-१०८ मध्ये, आत रिसीव्ह प्रीअँप असतो. प्रीअँप बंद केल्यावर सिग्नल वाढला तर त्याचा ट्रान्झिस्टर गेला आहे, बहुधा जवळ पडलेल्या विजेने.

पुन्हा होऊ नये म्हणून

कॉन्टॅक्ट जळण्याचं मोठं कारण म्हणजे रिले पूर्ण बसण्याआधी रिगची पॉवर येणं. जुन्या उघड्या रिलेला १५ ते २० मिलिसेकंद सहज लागतात. बहुतेक नव्या रिगच्या मेन्यूत ट्रान्समिट डिलेची सोय असते, ती २५ मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. व्हॉक्सवर (आवाजाने आपोआप ट्रान्समिट होण्यावर) किंवा सीडब्ल्यूच्या, म्हणजे मोर्सच्या, ब्रेक-इनवर रिले सतत खडखडू देऊ नका, होल्डची वेळ वाढवा.

आठवड्यातून एकदा लिनिअर स्टँडबायला ठेवून डमी लोडवर काही सेकंद ५० ते १०० वॉट बेअरफूट पाठवा. साफ केलेला कॉन्टॅक्ट त्याने साफ राहतो. पावसाळ्यात लिनिअर वापरात नसेल तर त्यावर प्लास्टिक गुंडाळू नका, आत ओल कोंडते. सुती कापड घाला आणि मधूनमधून तो चालू करून तापू द्या.

दुरुस्तीनंतर प्रत्येक बँडवरचं बायपासचं नुकसान डीबीत मोजून, तारीख घालून, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. आणि पुढचा वापरलेला लिनिअर बघायला जाल तेव्हा खिशात एक बॅरल, छोटा बॅटरीवरचा रिसीव्हर आणि दोन जंपर केबल घेऊन जा. विकणारा डमी लोडवर पूर्ण पॉवर दाखवेलच. तुम्ही मात्र लिनिअर बंद ठेवून त्याच्याच अँटेनावर एकदा बॅरलमधून आणि एकदा लिनिअरमधून ऐका, ८० मीटरवर आणि १० मीटरवर, आणि फरक पडला तर किमतीची बोलणी तिथून सुरू करा.